‘बर्फ बसला’ असं लिहिणारे काका

अन्याय झाला तो तुबलीच्या गॅरेजमधल्या आमच्या काकांवर. कधी झाला तेही सांगते. गेल्या फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. त्या मिनिटाला आमच्या बहरीनमधल्या ट्रेकिंग ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर लीडरसाहेबांचा ‘खुलासा’ पडला. सव्वासातला त्याखाली नऊ अंगठे उभे होते. एका माणसाचं नाव खराब करायला आपल्याला पाच मिनिटं पुरली.

खुलासा असा होता: ‘जॉर्जियातील अपघाताच्या दिवशी आपल्यासोबतच्या अनुभवी सदस्यांनी “बर्फ बसला” असे लेखी कळवल्यामुळेच आपण मार्गस्थ झालो. संदिग्ध ग्रामीण भाषेमुळे झालेल्या गैरसमजाची जबाबदारी ग्रुपवर येत नाही.’

पहिल्या वाक्यात काकांनी चुकीचा सल्ला दिला. दुसऱ्या वाक्यात सल्ला बरोबर होता, पण भाषा वाईट होती. साहेब, दोन्हींपैकी एक काय ते ठरवा. दोन्ही खरं असू शकत नाही. खरं तर दोन्हींपैकी एकही खरं नाही, आणि त्यासाठीच हे लिहायला बसले आहे. पण त्याआधी काका कोण हे सांगायला हवं, कारण ज्यांनी अंगठे दाबले त्यातल्या निम्म्यांना ते ‘तो बर्फवाला मेकॅनिक’ एवढेच माहीत होते.

काका माण तालुक्यातले. त्यांच्या गावात लहानपणी शाळेच्या फळ्यावर ‘बर्फ’ हा शब्द लिहून मास्तरांनी समोर गोळेवाल्याची गाडी दाखवली होती, असं ते सांगायचे. अशा गावचा हा माणूस डिझेल मेकॅनिक झाला आणि अठरा हिवाळे हिमालयातल्या खिंडींचे रस्ते मोकळे ठेवणाऱ्या डोझरांची कामं करत राहिला. बर्फात डोझर बंद पडला की तो उताराखालीच बंद पडतो आणि दुरुस्तही तिथेच करावा लागतो. म्हणून काका एक डोळा इंजिनवर आणि एक डोळा वरच्या उतारावर ठेवायला शिकले. तिथून सुटले ते थेट इथे, तुबलीला. लोडर, एक्स्कॅव्हेटर, पाण्याचे टँकर. डोक्यावर तापलेला पत्रा, समोर खाडीचा वास.

पण डोळ्यांची सवय गेली नाही. रोज सकाळी शटर अर्धं वर करून, वाकून आत शिरून, काका टूलबॉक्सवर बसायचे आणि जगभरचे हिमस्खलनाचे इशारे बघायचे. वाचायचे नाहीत, बघायचे. इंग्रजी जेमतेम, पण त्या नकाशांवरचे रंग आणि बाण त्यांना पाठ होते. पिवळा, नारिंगी, लाल, काळा. वारा कुठून आला, बर्फ कुठल्या अंगाला साठला. ऑगस्टात युरोप-जपानचे नकाशे बंद असायचे, तेव्हा ते खालच्या गोलार्धात उतरायचे. एकदा मी स्कूटरच्या ब्रेकसाठी गेले होते. एक मल्याळी ड्रायव्हर पिकअपचा एसी बिघडला म्हणून घाम पुसत उभा होता. काका त्याला गंभीरपणे सांगत होते, “आज न्यूझीलंड में नीचे का परत कच्चा है.”

“मेरे कंप्रेसर का क्या है, भाई?”

“वो तो पक्का गया. खलास.”

त्यांची दुसरी खोड ठोकण्याची. डोंगरात बर्फाचा चौकोनी खांब कापून मोकळा करतात, त्याच्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवतात आणि हातानं ठोकतात. दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या ठोक्याला खांबातला थर सुटून सरकतो, त्यावरून उतार किती कच्चा ते कळतं. मनगटाच्या ठोक्यालाच सरकला, तर माघारी फिरायचं. ही पद्धत काका सगळ्याला लावायचे. कलिंगडाला मनगटाचे दहा. बंद पडलेल्या फ्रीजला कोपराचे दहा. एकदा मनामात बँकेच्या दारात एटीएमला त्यांनी खांद्याचे दिले, तेव्हा वॉचमननं हात धरून बाजूला केलं.

आमच्या ग्रुपमधली रेवती, मूळची ठाण्याची, इथे एका ऑफिसात अकाउंटंट. तिच्या मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला काकांना बोलावलं होतं. केक दोन थरांचा, मध्ये क्रीम. काकांनी टेबलाशी वाकून कडेनं निरखलं आणि पुठ्ठ्याला हलकेच बोट मारलं.

“काका, इट्स जस्ट केक!” मुलगी ओरडली.

“आगं बाय, केकच हाय. पर मधली साय सरकायलीय बग. ह्याला तिरपा करू नका.”

सगळे हसले. मग कुणीतरी फोटोत नाव नीट दिसावं म्हणून पुठ्ठा जरासा कॅमेऱ्याकडे कलता केला, आणि केकचा वरचा अर्धा भाग सावकाश, अगदी सभ्यपणे, रेवतीच्या नवऱ्याच्या बुटांवर येऊन बसला. काकांनी ‘बघा, सांगितलं होतं’ म्हटलं नाही. ते असं कधीच म्हणत नसत. चमचा घेऊन खाली बसले, क्रीमकडे बघितलं आणि म्हणाले, “गार कमी केला व्हता.”

कुठल्याही खोलीत शिरले की आधी दार कुठे, खिडकी कुठे, वर काय आहे ते बघायचे. गणपतीच्या कार्यक्रमात झुंबराखालची पुढची खुर्ची दिली तर उठून मागे जायचे. मीना सलमान बंदरावर आमच्या कंपनीच्या यार्डात वाळूचे मोठे ढीग असतात. दुपारी माणसं त्यांच्या सावलीत डबा खायची. काका एकदा लोडर दुरुस्त करायला आले, त्यांनी ते बघितलं आणि जेवणाऱ्या बाराही जणांना डब्यांसकट उठवून उन्हात आणलं. माणसं वैतागली. फोरमन माझ्याकडे तक्रार घेऊन आला, कारण यार्डातल्या सुरक्षेचे कागद माझ्याकडे असतात. मी कामगारांसाठी उन्हाच्या, पाण्याच्या सूचनांची पत्रकं लिहिते, हिंदीत आणि मराठीत. ढिगाखाली बसू नका असं पत्रक मी कधी लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं, आणि काकांची माझी ओळख झाली.

“बाई, कागूद चांगला हाय,” ते वाचून म्हणाले. “पर लई मोठा हाय. ढीग पडायला एवढा येळ लागत न्हाई.”

मी ते तीन ओळींत बसवलं.

आता ट्रेकिंग ग्रुप. डोंगर नसलेल्या देशातला ट्रेकिंग ग्रुप. इथला सगळ्यात उंच डोंगर चढून उतरेपर्यंत थर्मासमधला चहा निवत नाही. दर शुक्रवारी सकाळी आम्ही वीस-पंचवीस मराठी माणसं हजारो रुपयांचे बूट घालून सपाट वाळवंटात चालायचो. लीडर पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. माणूस वाईट नाही. कुणाचं पाणी संपलं तर स्वतःची बाटली देतात, कुणी मागे पडलं तर थांबतात. दोष एवढाच की त्यांना ‘नाही’ ऐकू येत नाही. काकांना ग्रुपमध्ये मी आणलं. सरांना ते पहिल्या दिवशी आवडले. दुसऱ्या शुक्रवारी काकांनी मनामातला रस्ता ओलांडताना सगळ्यांना थांबवून “एकेकटं! एक पल्याड पोचला की मग दुसरा!” असं करून सिग्नल दोनदा घालवला, तेव्हापासून कमी आवडायला लागले.

“काका, हे झेब्रा क्रॉसिंग आहे,” सर म्हणाले.

“सवय हाय, सर. उतारावर बी असंच जायचं. एक जण गाडला तर बाकीचे उकराय मोकळे पायजेत.”

सरांनी सगळ्यांकडे बघून भुवया उंचावल्या. बायका हसल्या. मीही हसले.

जॉर्जियाला जायचं ठरलं ते डिसेंबरात. आखाती रेसिडेन्सी असली की तिथे व्हिसाची कटकट नाही आणि विमान काही तासांचं. पाय रुतू नयेत म्हणून असतात ते बर्फातले जाळीचे बूट घालून, स्कीच्या गर्दीपासून लांब, एका दरीच्या वरच्या खांद्यावर जुनं दगडी देऊळ आहे, तिथवर चालत जायचं. सरांनी फोटो टाकले. काकांनी फोटो मोठा करून देवळाखालच्या उतारावर फोन आडवा-तिडवा धरला आणि विचारलं, “ह्यो उतार कुटल्या अंगाला हाय? वारा कुठनं येतोय?”

मग त्यांनी क्लास घेतला. जानेवारीतल्या एका शुक्रवारी, रेवतीच्या घरी. रेवतीकडे परात मागितली, साखर मागितली, मैदा मागितला. आमच्याकडच्या वहिन्यांमध्ये तोवर ‘काका आले की डबे लपवा’ ही थट्टा रूढ झाली होती, कारण हा क्लास ते कुठेही घ्यायचे. परातीत तळाला साखर पसरली. तिच्यावर मैदा, तळव्यानं दाबून, सपाट, गुळगुळीत.

“हिवाळ्याच्या सुरवातीला बर्फ कमी पडला आन् थंडी लई पडली, की तळाचा बर्फ कुजतो. त्याची साखर हुती. साखरेचा दाणा दाण्याला धरत न्हाई. वरनं वारा बर्फ आणून टाकतो, त्यो घट्ट, फळीसारखा. वरनं बघितलं तर कसं झ्याक दिसतं. तुमी म्हंता, काय मस्त हाय. आन् पाय ठेवता.”

त्यांनी परातीच्या एका कोपऱ्यात अंगठा दाबला. मैद्याचा सगळा थर एकदम, केसभर खाली गेला आणि आरपार तडा गेला. आवाज बारीकसाच आला.

“ऐकलं का? बसला. उतारावर ह्यो आवाज धम्मदिशी येतो, पोटात कळतो. बर्फ बसला की एक पाऊल म्होरं टाकायचं न्हाई. आल्या वाटंनं माघारी.”

रेवती म्हणाली, “पण काका, बसला म्हणजे चांगलं ना? सेटल झाला. धूळ बसली, घडी बसली, तसं.”

काकांनी हाताचा मैदा झटकला. मग म्हणाले, “बाई, आमच्याकडं हीर बसती. माजा थोरला चुलता हिरीत व्हता. वरनं माणसं वराडली, हीर बसली, हीर बसली. तीन दिस माती काढली. आमच्याकडं बसली म्हंजी माणूस गेला.”

सर या सगळ्याचा व्हिडिओ काढत होते. संध्याकाळी तो त्यांनीच ग्रुपवर टाकला: ‘स्नो सेफ्टी विथ अवर ओन एक्सपर्ट!’ आणि हात जोडल्याचं चित्र.

लक्षात ठेवा. व्हिडिओ सरांनी काढला. सरांनी टाकला.

क्लासनंतर काकांनी यादी दिली. प्रत्येकाला फावडं, प्रत्येकाला बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब जोडकाठी, प्रत्येकाच्या छातीवर एकमेकांचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र. “आपण एव्हरेस्टला नाही चाललो, काका,” सर म्हणाले. शेवटी काकांनी एकट्यानं गॅरेजमधलं दांडा कापलेलं लोखंडी फावडं सामानात टाकलं. विमानतळावर ते बघून काउंटरवरची मुलगी गोंधळली. “गार्डनिंग,” काकांनी सांगितलं.

काका आणि आम्ही अकरा जण गेलो. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी तिथला वाटाड्या हॉटेलवर आला आणि म्हणाला, मी आज नेणार नाही, रात्रभर वारा होता. सर म्हणाले, “काही हरकत नाही. आपला माणूस आहे आपल्याकडे.” काका उजाडताच पुढे निघाले होते, खड्डा खणून थर बघायला. आम्ही नाश्ता करत होतो. अंडी, गोल पाव, मध. साडेनवाच्या सुमारास ग्रुपवर काकांचा मेसेज आला. जसाच्या तसा देते:

‘बर्फ बसला. दोनदा. खाली उभा हाय.’

सरांनी तो मोठ्यानं वाचला. “बसला! सेटल झाला. काका खाली वाट बघतायत. चला मंडळी, ग्रीन सिग्नल.”

दोनदा कसा सेटल होईल हो बर्फ? एकदा बसलेली धूळ परत कशी बसेल? हा प्रश्न अकरा माणसांच्या टेबलावर एकालाही पडला नाही. मलाही नाही. माझं आजोळ कराडजवळचं, ‘हीर बसली’ हे मी लहानपणापासून ऐकलेलं, परातीसमोर मी मांडी घालून बसले होते. तरी त्या मेसेजखाली माझाही अंगठा आहे. बाहेर ऊन पडलं होतं आणि मला देवळाचा फोटो हवा होता. मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं. गैरसमज झाला असं मी म्हणणार नाही. भाषा मला येत होती.

हॉटेलवाल्यानं दाखवलेली वाट काकांच्या वाटेपेक्षा वरची निघाली. त्यामुळे काका आम्हांला पायथ्याला भेटलेच नाहीत. आम्ही उताराच्या मध्यावर आलो तेव्हा ते बरेच खाली, झाडांच्या कडेला, मुंगीएवढे दिसले. दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होते. जोरजोरात. वाऱ्यात आवाज काही येत नव्हता.

“काका!” कुणीतरी ओरडलं. आणि आम्ही सगळ्यांनी हात हलवले. एकानं फोटो काढला. त्या फोटोत दहा माणसं एकमेकांना खेटून उभी आहेत, हसतायत, आणि खाली एक माणूस जीव तोडून हात हलवतोय.

मग पायाखाली धम्म झालं. पोटात कळलं, अगदी ते म्हणाले होते तसं. रेवती सगळ्यात पुढे होती. तिच्या वरच्या अंगाला एक रेघ उमटली, कुणी पेन्सिलीनं ओढावी तशी, आणि रेघेखालचा बर्फ फळ्या होऊन रेवतीसकट खाली निघाला. आम्ही बाकीचे रेघेच्या अलीकडे होतो. अंतर दोन पावलांचं होतं.

काका खालून वर धावत आले. साठीतला माणूस, गुडघाभर बर्फात. आम्ही ओरडत तिच्याकडे उतरायला लागलो तेव्हा त्यांनी जी शिवी दिली ती इथे लिहिता येत नाही. “वर कुनी हलायचं न्हाई! तिकडल्या झाडीत व्हा! एकेकटं!” रेवतीच्या मफलरचं टोक दिसत होतं. काकांनी मफलर ओढला नाही. टोकापासून खालच्या अंगाला सरकून, आडवं, तिच्या दिशेनं उकरत गेले. आधी तोंड मोकळं केलं, बोटानं तोंडातला बर्फ काढला. ती खोकली. मग छाती. मग पाय, तो मांडीखाली मोडला होता. ‘गार्डनिंग’चं ते फावडं नसतं तर आमच्याकडे उकरायला काय होतं? सेल्फी स्टिक.

तिथल्या बचाव पथकाचा म्हातारा वर आला. त्यानं काकांचा खड्डा बघितला, काकांच्या हाताकडे बघितलं आणि आपला हातमोजा काढून त्यांच्याशी हात मिळवला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. आमच्यातल्या कुणाशी तो बोलला नाही.

सर त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. रेवतीच्या नवऱ्याला फोन त्यांनीच केला, रडले. हे मी पाहिलं आहे आणि लपवणार नाही. म्हणूनच सोमवारचा खुलासा वाचून माझ्या अंगाची आग झाली. ज्या माणसाला काय घडलं ते इतकं नीट माहीत होतं, त्यानं ते लिहिलं.

मी दुसऱ्याच दिवशी सरांच्या घरी गेले.

“सर, खुलासा काढा.”

“बस ना. चहा घेशील? हे बघ, इन्शुरन्सला काहीतरी लेखी द्यावं लागतं. इट्स नथिंग पर्सनल.”

“काकांचं नाव खराब होतंय.”

“नाव कुठे लिहिलंय मी? आणि त्यांना काय फरक पडतो? ते इंग्लिश वाचतही नाहीत.”

“खुलासा मराठीत आहे, सर.”

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “बसला म्हणजे सेटल. कुणालाही विचार. कोणताही शब्दकोश काढ.”

मी फोन पुढे केला. त्यांचाच व्हिडिओ. परात, मैदा, अंगठा, तडा. ‘बर्फ बसला की एक पाऊल म्होरं टाकायचं न्हाई.’ मागून कॅमेरा धरणाऱ्याचा ‘सुपर, काका!’ असा आवाज. सरांचाच आवाज.

त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. “मी तेव्हा शूट करत होतो,” म्हणाले. “ऐकत नव्हतो.”

मी फोन पर्समध्ये टाकला आणि उठले.

काकांनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. रेवतीचं प्लास्टर बदलायला आम्ही तिला सलमानिया हॉस्पिटलात न्यायचो, तेव्हा काका कामावरून तसेच, काळ्या हातांनी, बाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. एकदा तिनं विचारलं, “काका, तुम्ही काही बोलत का नाही? मी सांगते ना सगळ्यांना, तुम्ही मला काढलंत.”

“बाई, म्या उत्तर उतारावरनंच दिलं व्हतं. हात हलवून,” काका म्हणाले. “तुमी बी हात हलवला.”

रेवतीनं ग्रुपवर लिहिलं. लांबलचक, स्पष्ट लिहिलं. त्याखाली तीन अंगठे आले आणि कुणीतरी लगेच रमजानच्या वेळा टाकल्या. तोवर खुलासा ग्रुपच्या बाहेर गेला होता. ‘बर्फात जाणाऱ्यांनो सावधान! स्वयंघोषित तज्ज्ञांपासून दूर राहा’ असं वर डकवून लोकांनी तो पुढे ढकलला. सलमाबादहून मस्कतला, मस्कतहून पुण्याला. कुणी काकांना ओळखत नव्हतं, पण ‘तुबलीचा मेकॅनिक’ एवढं आता त्यात कुणीतरी भरलं होतं.

जूनमध्ये काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते गावी गेले. जाताना खूश होते. महाराष्ट्रातली एक गिर्यारोहण संस्था दर हिवाळ्यात हिमालयात जाणाऱ्या मुलामुलींना बर्फाचं शिक्षण देते. रेवतीला उकरून काढल्याची गोष्ट जॉर्जियातून फिरत त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी काकांना शिकवायला बोलावलं. उभ्या आयुष्यात या माणसाला कुणी ‘या, शिकवा’ म्हटलं नव्हतं. डोझरवर साहेब सांगायचे आणि काका करायचे. तुबलीत लोक हसायचे. आता शिकायला मुलं येणार होती, आपणहून. काकांनी गॅरेजच्या जुन्या जॉब कार्डांच्या पाठीवर पेन्सिलीनं थर काढले. कोवळा बर्फ, वाऱ्याचा बर्फ, साखर, बर्फाची पातळ साय. प्रत्येक चित्राखाली एक ओळ. मी त्यांना टाइप करून देऊ का विचारलं.

“नगं. टाइप केलं की पोरं वाचत्यात,” म्हणाले. “चित्र आसलं की बघत्यात.”

सप्टेंबरात संस्थेचं पत्र आलं. ‘आपल्याविषयी काही माहिती प्राप्त झाल्याने तूर्तास आपले नाव थांबवत आहोत.’ सोबत प्राप्त माहितीची प्रत. आपलाच खुलासा. त्याच अंगठ्यांचा फोटो, आपलीच नावं, त्यात माझंही, न वाचता सवयीनं दाबलेल्या अंगठ्याचं; माझ्या शेजारचं नाव माझ्या मैत्रिणीचं.

काकांनी मला गावाहून आवाजी मेसेज पाठवला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. “काय न्हाई बाई, जाऊ दे. मफी मुश्किल.”

नाही काका. मुश्किल आहे. ज्या मुलांनी या डिसेंबरात तुमच्यासमोर परातीभोवती बसायचं होतं, ती आता कुणासमोर बसतील आणि कुठल्या उतारावर कुणाचा शब्द कसा ऐकतील, हे मला माहीत नाही. संस्थेला मी फोन केला. फोनवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही एकट्या सांगताय, खुलाशाखाली नऊ जण आहेत. त्या नऊ जणांनी लेखी मागे घेतलं, तर आम्ही पुन्हा विचार करू. यादी महिनाअखेरीस पक्की होते.

म्हणजे आता हे तुमच्याकडे आलं. तुम्ही त्या नऊंपैकी असा, किंवा ज्यांनी न वाचता पुढे ढकललं त्यांच्यापैकी. ‘मी तर फक्त फॉरवर्ड केलं’ हे मला सांगू नका. ‘काका बोलतात ते कळतच नाही’ हेही सांगू नका. तुम्हांला सगळं कळतं. नाक्यावरच्या पठाणाचं हिंदी कळतं, अरबाबचं, म्हणजे मालकाचं, अरबी कळतं, बॉसचा ब्रिटिश उच्चार कळतो. फक्त माणचं मराठी तेवढं संदिग्ध?

फोन काढा. खुलासा ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता तिथे जा. त्याखाली लिहा: ‘काकांनी धोका कळवला होता. आम्ही ऐकलं नाही. हे मागे घेत आहोत.’ पुढे तुमचं पूर्ण नाव. टोपणनाव नको, हात जोडल्याचं चित्र नको. त्याचा फोटो मला पाठवा, मी सगळे एकत्र करून संस्थेला देते आहे. त्या नऊंतलं माझं नाव त्यावर आलेलं आहे, सोबत रेवतीचंही. आणखी आठ हवीत.

आत्ता लिहा. वाचून झालं की मग, असं करू नका. वाचून झालेलं आहे.